काकांचा जुना पेंटॅक्स के१००० मिळालाय, इंदूरला राहतो. मॅन्युअल कॅमेऱ्यावर फोटो चांगले यायला काय करावं?

कॅमेरा फार छान मिळालाय तुम्हाला, जपा त्याला. के१००० पूर्ण मेकॅनिकल आहे, बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागते, ती संपली तरी शटर चालतंच. पण मीटर बंद करायचं बटणच नाहीये त्याला, म्हणून काम झालं की लेन्सला कॅप लावत जा नाहीतर बॅटरी उतरते.

माझं म्हणणं एवढंच की मीटरची सुई बघायच्या आधी उजेड किती आहे ते स्वतः ओळखायला शिका. ४०० आयएसओचा रोल टाकला तर भर उन्हात अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, आकडा मोठा तेवढं ते लहान) १६ आणि शटर १/५०० सेकंद, हे पाठच करा. हलके ढग आले की ११, चांगलं ढगाळ असेल तर ८, सावलीत ५.६ किंवा ४, शटर तेच ठेवायचं. यासाठी रोल खर्च करायची गरज नाही, चहाच्या टपरीवर उभे असाल तेव्हा मनात आकडा धरायचा आणि मग सुईशी ताडून बघायचा. राजा दीनदयाळ १८७४ च्या सुमारास आपल्या इंदूरलाच पीडब्ल्यूडीत नोकरी करताना फोटोग्राफीकडे वळले, त्यांच्या कॅमेऱ्यात कुठलं आलंय मीटर!

आणि मीटर फसतं कुठे तेही बघा, त्याला समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं वाटतं. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचा (होळकरांची स्मारकं) काळपट दगड फ्रेमभर घेऊन सुई मधोमध आणली तर दगड फिकट येणार, तिथे एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा, पांढऱ्या कुर्त्याला उलट एक स्टॉप वाढवा, म्हणजे दुप्पट. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी आणि मागे लख्ख आकाश, मग सुई आकाश बघते आणि लाकूडकाम काळं ठिक्कर पडतं. आधी कॅमेरा खाली वळवून फक्त भिंतीचं रीडिंग घ्या, सेट करा, मग फ्रेम धरा.

सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री जाणारच तुम्ही, तर ५० एमएमची लेन्स असेल तर अ‍ॅपर्चर २ आणि १/६० पासून सुरू करा. त्याखाली हात हलतो, बंद सराफी दुकानाच्या शटरला पाठ टेकवून उभं राहिलात तर १/३० पण जमेल. फोकस मात्र नीट करा, २ ला अगदी पातळ पट्टाच शार्प येतो.

प्रत्येक फ्रेमचे आकडे वहीत लिहा. आणि लॅबकडून निगेटिव्ह परत मागून घ्याच, कारण स्कॅन करताना ते उजेड सावरून देतात आणि तुमचं काय चुकलं ते कळतच नाही. निगेटिव्ह खिडकीसमोर धरा, सावलीच्या जागी काहीच दिसत नसेल, नुसती कोरी फिल्म असेल तर उजेड कमी पडलाय, पुढच्या वेळी तिथे एक स्टॉप जास्त द्या.