पडद्यावर आपलंच हसू

प्रश्न : मला लहानपणापासून कमी ऐकू येतं. परवा पाहिलेल्या सिनेमातली बहिरी नायिका, सगळे हसले की क्षणभर थांबून उसनं हसते. प्रसंग विनोदी होता, मला मात्र रडू आवरेना. असं का झालं?

उत्तर : ते उसनं हसू तुम्ही कित्येकदा हसला असाल, आणि ते कुणाला दिसतं हेच तुम्हाला ठाऊक नव्हतं. पडद्यावर ते दिसलं!

लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने १९२०च्या आसपास एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या ताटलीच्या, तर कधी शवपेटीच्या दृश्याला जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्यात एकदा भूक दिसली, एकदा शोक. थोडक्यात, चेहऱ्यातली रिकामी जागा प्रेक्षकच भरतो. तुम्ही ती स्वतःच्या आठवणींनी भरलीत, शेजारच्या खुर्चीवाल्याकडे त्या नव्हत्या.

एरवी आपले सिनेमे बहिऱ्या पात्राला एक तर बिचारं करतात, नाही तर पराक्रमी. मला दोन्हींचा कंटाळा आहे. इथे नुसती एक सवय टिपली होती. पुन्हा पाहाल तेव्हा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबतो, तेवढं बघा.