आधी रिकाम्या तारखा लिही

पोरी,

तुझ्या डायरीचा फोटो मिळाला. आधी झूम करून पाहिला, मग चष्मा लावून पाहिला, मग एकेक मोजले. 5 डिसेंबर ते 31 डिसेंबर, 19 कार्यक्रम. आणि खाली तू विचारलं की मॅडम, भुसावळच्या चर्चचे तीन घेऊ की नको, लोक म्हणू राहिले शास्त्रीय ख्याल गाणाऱ्या मुलीने नाताळचे कॅरोल म्हणायचे नसतात. म्हणजे 19 मधून तुला शंका आली ती फक्त त्या तीन कार्यक्रमांचीच. दोन हळदी, दत्तजयंतीचं भजन, गॅदरिंगला दिवसभर परीक्षक, 31 च्या रात्रीचा ऑर्केस्ट्रा, यातल्या कशाचीच नाही. मला नेमकी उलटी शंका आहे.

फोनच केला असता, पण फोनवर तू "हो मॅडम, हो मॅडम" करते आणि मग जे करायचं तेच करते, म्हणून लिहू राहिले. सावकाश वाच.

तू डायरी उलटी भरली ना, तिथेच गडबड आहे. ज्याचा फोन आला त्याची तारीख लिहून मोकळी, आणि जे उरलं ते आरामाचं. उरत काहीच नाही मग. मी गाती होते तेव्हा नोव्हेंबरातच लाल पेनाने आधी रिकामे दिवस लिहायचे, मोठ्या अक्षरात "नाही" असं, आणि मग फोन घ्यायचे. तुझं 24 ला रात्रीची उपासना आणि 25 ला सकाळी नऊला परत उभं राहायचं, मध्ये झोप असेल चार तास, तर ते दोन कार्यक्रम नाहीत, एकच मोठा कार्यक्रम आहे असं धर, आणि 23 आणि 26 कोरे ठेव. कोरे म्हणजे काय, तर सकाळी अर्धा तास मंद्रात खरज भरायचा, म्हणजे खालच्या सप्तकात लांब सूर लावायचे, आणि मग तोंड बंद. क्लासची पोरं नको, मोबाईल नको. गाण्याने आवाज जेवढा बसत नाही तेवढा गाडीत बोलून बसतो गं. तुझं 21 ला नवापूर आहे, धुळ्याहून क्रुझरने जाशील, कोंडाईबारीच्या घाटात गाडी घूं घूं करू राहील, खिडक्या वाजतील, आणि तू मागच्या सीटवरून पुढे बसलेल्या तबलजीशी ओरडून गप्पा मारशील. उतरलं की म्हणशील, हवा लागली. हवा कसली, दोन तास गाडीच्या आवाजावर आवाज चढवला तू.

आता माझी 1994 ची गोष्ट, तुला अर्धीच माहीत आहे. त्या वर्षी मी दहा दिवसांत 11 कार्यक्रम घेतले होते, नवीन घराचे हप्ते होते, कोणाला नाही म्हणायची हिंमत नव्हती. 24 ला दुपारी यावलकडे एका शेतात भरीत पार्टी. तुला माहीतच आहे ते, पऱ्हाट्यांचा जाळ, वांगी त्यात टाकलेली, सगळे गोल करून बसलेले, वारा फिरला की धूर बरोबर आपल्याच तोंडावर. वर हिरव्या मिरच्या, शेंगदाणे, तेल, कळण्याची भाकरी, आणि आग्रह. रात्रीची उपासना कशीतरी निभावली. 25 ला सकाळी रेल्वे कॉलनीतल्या चर्चमध्ये थंडी अशी की बाकं गार पडलेली. 'सायलेंट नाइट'चं मराठी म्हणत होते, काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, आणि शेवटाकडे जिथे तार मध्यमावर, वरच्या सप्तकातल्या म वर, जायचं तिथे आवाज टर्रकन फाटला. धोतर फाटतं तसा. समोर दीडदोनशे माणसं, नवीन कपड्यांत.

पायपेटीवर रेल्वेतून रिटायर झालेले एक अंकल होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कडवं संपलं, त्यांनी मध्ये चार स्वर असेच फिरवले, पाय चालूच, आणि पुढचं कडवं उचललं ते थेट पांढरी पाचला. सगळं गाणं दीड सूर खाली. मंडळी उभी राहिली आणि म्हणू लागली, कोणाला काही कळलं नाही, मी फक्त ओठ हलवत होते. नंतर त्यांनी मला केकचा तुकडा दिला कागदात गुंडाळून आणि म्हणाले, घरी जा, झोप. बस्स. पुढे दोन महिने मी क्लासमध्ये पेटीवर बोट ठेवून शिकवत होते, तोंडातून आवाज नाही.

तर चर्चचे तीनही घे. पण आपलं गाणं दाखवायला जाऊ नको.

हे मी का म्हणते ते बघ. 'जॉय टू द वर्ल्ड'ची पहिली ओळ पेटीवर वाजवून पाहा, सां नि ध प म ग रे सा, बिलावलचा अवरोह आहे सरळ, उतरत्या जिन्यासारखा. तुझा गळा लगेच वळवळेल, नि वरून ध ला घसरत मींड घेऊ, प ला थोडं हलवू, म ग मध्ये एक झटकन वळणारी मुरकी टाकू. नको टाकू. ते गाणं सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं, तू मुरकी घेतली की मागची 40 माणसं अडखळतात आणि मग गप्प होऊन तुझं ऐकत बसतात, आणि तू खूश होते की काय शांतता पसरली. अगं, त्यांचं गाणं बंद पाडलं तू! सरळ सूर लाव, लांब, न हलवता. करून बघ, भरभर पळणाऱ्या सपाट तानेपेक्षा अवघड जातं.

'सायलेंट नाइट' ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ नावाच्या गावात 1818 च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा म्हटलं, तेही गिटारवर. सहाचा ठेका आहे, तुझा तबलजी बघशील, लगेच सहा मात्रांचा दादरा धरेल. धरू दे, पण लग्गी, ते जलद वाजवणं, नको म्हणावं. मध्य षड्जापासून तार मध्यमापर्यंत जातं. काळी पाचला वाजवतील, तुझा सा काळी चार, म्हणजे तुझ्या हिशोबाने तो तार पंचम झाला, आणि तोही कसा, हळू आवाजात, झोपलेल्या बाळाला उठवायचं नाही अशा बेताने. ख्यालात तू तार पंचमाला जोर लावून जाते, इथे जोर चालत नाही. म्हणून आधीच किबोर्डवाल्या पोराला सांग, ट्रान्सपोज मायनस दोन, म्हणजे सगळं दोन पट्ट्या खाली. लाजू नको. मी लाजले होते.

किबोर्डचं अजून एक. तानपुरा नीट लागला की खरजाच्या तारेतून आपोआप एक गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो, तुला मी तो तास तास ऐकायला लावला आहे. किबोर्डचा गंधार त्याच्यापेक्षा चढा असतो, साधारण 14 सेंट, म्हणजे एका अर्ध्या सुराचा सातवा भाग. तुझा कान त्या खालच्या गंधाराला बसलेला आहे, तो चांगला बसला आहे, पण तिथे तू तोच लावला तर तूच बेसूर वाटशील. तिथे त्यांच्या गंधारावर जा, आणि घरी आल्यावर तानपुऱ्यासमोर दहा मिनिटं बसून आपला परत आण. हे दहा मिनिटं चुकवायचं नाही, कितीही वाजले असले तरी. सीझनमध्ये गळा बिघडला तर औषध आहे, कान बिघडला तर जानेवारीभर कळत नाही.

आणि त्यांनी तुला दुसऱ्या आवाजात टाकलं, म्हणजे मुख्य चालीच्या खालच्या ओळीत, तर पहिले चार दिवस रडशील. आपल्याला सवयच नाही. शेजारची बाई मुख्य चाल म्हणते आणि आपण नकळत तिच्या सुरात जाऊन बसतो. यावर उपाय एकच, ती खालची ओळ सरगम लिहून वेगळी बंदिश म्हणून पाठ कर, मुख्य चाल जणू ऐकलीच नाही. त्यांच्यातले जुने लोक डो रे मी वर शिकवतात, ते आपल्या सा रे ग सारखंच सरकतं, घाबरू नको.

प्रॅक्टिस चार ठेवल्या आहेत म्हणे. चारही वेळा पूर्ण आवाजात गायचं नाही. वेस्टर्न क्लासिकलवाले गायक याला मार्किंग म्हणतात, तालमीत अर्ध्या आवाजात म्हणायचं, वरचे सूर एक सप्तक खाली घ्यायचे, शब्द आणि जागा पक्क्या करायच्या आणि गळा कार्यक्रमासाठी राखायचा. डिसेंबरमध्ये त्यांचे हाल तुझ्यासारखेच असतात, तीच ती गाणी रोज नव्या हॉलमध्ये. हँडल म्हणून एक जुना पाश्चात्त्य संगीतकार, त्याचं 'मसाया' मी मुंबईत एकदा डिसेंबरमध्ये ऐकलं, दोनअडीच तास, लोक तिकीट काढून आलेले, मला वाटलं नाताळसाठीच बांधलं असेल. नंतर कळलं की 1741 मध्ये त्याने ते साडेतीन आठवड्यांत लिहिलं आणि पहिला प्रयोग झाला 1742 च्या एप्रिलमध्ये, डब्लिनला. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर! नंतर लोकांनीच ते डिसेंबरात ओढून आणलं. तेव्हा कोणतं गाणं कोणाचं आणि कधीचं यावर जे काका तुला लेक्चर देऊ राहिले त्यांना चहा पाज आणि सोडून दे.

उलट मी म्हणते नुसते इंग्रजी कॅरोल घेऊ नको. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची मराठी भजनं आहेत, अभंगाच्या वळणाची, मंडळीतल्या म्हाताऱ्या बायकांना तोंडपाठ असतात. पाळकसाहेबांना विचार, एखादं मागून घे, त्या बायकांकडूनच चाल शिक, पुस्तकातून नको. आणि ते परकं वगैरे म्हणणाऱ्यांना सांग, आपल्या धरणगावचे बालकवी, ज्यांना 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात ते नाव मिळालं, ते याच टिळकांच्या घरी राहिलेले. तिथे तुला थोडं फिरायला जागा मिळेल, भजन आहे, गळ्याची एखादी हरकत लोक हसून घेतील.

आता कापाकापी. 31 चा ऑर्केस्ट्रा सोड. मैदानात, उघड्यावर, रात्री पारा दहाच्या खाली, समोर डीजेचे बॉक्स, मॉनिटर नावाला, तू स्वतःला ऐकायला ओरडणार. त्यांची सुपारी जास्त आहे मला माहीत आहे. दोन हळदींपैकी एक सोड, जी लांब आहे ती. परीक्षक म्हणून जा, पण 60 पोरांना प्रत्येकी माईकवर भाषण करून मार्गदर्शन देऊ नको, मार्क लिही आणि बस. दत्तजयंती सोडू नको, तिथले लोक तुझं नाव नसताना तुला बोलवायचे. आणि 28 ची तासाभराची बैठक, तिच्यासाठी खरं हे सगळं. तिथे तुला मारवा राग गायचा आहे ना, मग 27 ला कोणी बोलावलं तरी नाही.

गळ्याचं पटकन सांगते, तू ऐकत नाही तरी. स्टेजवर चढताना बाटलीभर पाणी पिऊन उपयोग नाही, पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंवरून जात नाही, दोन तास आधीपासून थोडं थोडं पी. आवाज बसला तर कुजबुजत बोलू नको, त्याने जास्त ताण येतो, गप्पच बस. त्या झणझणीत मेन्थॉलच्या गोळ्या चघळून गाऊ नको, दुखतं ते कळत नाही आणि तू रेटत राहते. आणि कोणी म्हणालं एक इंजेक्शन घे, संध्याकाळी आवाज खुलेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरने गळ्यात बघितल्याशिवाय अजिबात नाही. जेवण गाण्याआधी तीन तास. शेवभाजी नंतर, कितीही आग्रह झाला तरी.

पैशाचं एवढंच, साथीदारांचं पाकीट आधी काढायचं, तुझं नंतर. चर्चवाले कमी देतील, पण किबोर्डवाल्या पोराला तुझ्यातून दे, त्याने मायनस दोन केलेलं असणार आहे.

जानेवारीच्या सुरुवातीला जळगावला बालगंधर्व महोत्सव असतो. तिन्ही दिवस मागे बसून फक्त ऐकायचं, त्या तारखांवरही लाल पेन मार.

20 ला भुसावळच्या प्रॅक्टिसला मी येणार आहे, शेवटच्या बाकावर बसेन, वळून बघायचं नाही. आणि 26 ला दुपारी घरी ये. बामणोदची वांगी सांगून ठेवली आहेत, मी गॅसवर भाजेन, धूर नको. तू खायचं, आणि काही बोलायचं नाही, मी विचारलं तरी.

तुझी,
मॅडम