डायनिंग कारच्या भांड्यांसाठी निवृत्तीच्या पैशांना हात लावावा का?

प्रश्न: मी शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो, वय 43. आमच्या शेजारच्या आजींचे यजमान रेल्वेत नोकरीला होते. त्यांनी जमवलेली डायनिंग कारमधली, म्हणजे गाडीतल्या जेवणाच्या डब्यातली, चांदीची भांडी, एकूण 62 नग, आजी 14,500 डॉलरना देऊ करत आहेत. माझे बँकेत 24,000 डॉलर आहेत, घर एका पगारावर चालते आणि घरखर्च महिना 5,800 डॉलर आहे. बँकेतून 5,500 आणि आयआरए या निवृत्तीच्या खात्यातून 9,000 काढून सगळी भांडी घ्यावीत असे मनात आहे. चांदीचा भाव पाहता पैसे बुडणार नाहीत असे वाटते. माझे आजोबा भुसावळला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत होते, त्यांचा जीआयपीची अक्षरे असलेला चमचा अजून आमच्याकडे आहे, त्यामुळे या भांड्यांवर जीव जडला आहे. काही छायाचित्रे सोबत पाठवली आहेत, त्यातली कॉफीची किटली मला अधिक मोलाची वाटते. काय करावे?

उत्तर: नमस्कार. आपण सगळा हिशेब चांदीच्या भावावर उभा केला आहे, म्हणून आधी तेच तपासू. आपल्या छायाचित्रांत बहुतेक भांड्यांच्या तळाशी ‘सिल्व्हर सोल्डर्ड’ अशी अक्षरे दिसतात. ती वाचून भांडे चांदीचे असल्याचा समज होणे स्वाभाविक आहे, पण त्यांचा अर्थ एवढाच की भांड्याचे जोड चांदीच्या सोल्डरने जोडलेले आहेत. मूळ धातू तांबे, निकेल आणि जस्त यांचा, म्हणजे आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो तो, आणि त्यावर चांदीचा मुलामा. धावत्या गाडीत रोज आदळआपट सोसणाऱ्या आणि उकळत्या पाण्यात धुतल्या जाणाऱ्या भांड्यांसाठी अमेरिकी रेल्वे कंपन्यांनी हीच जड, टिकाऊ घडण पसंत केली. उद्या ही भांडी मोडीत घालायची वेळ आली, तर सराफाच्या काट्यावर त्यांचे जवळजवळ काहीच येणार नाही. चांदीचा भाव दुप्पट झाला तरी या भांड्यांची किंमत त्यामुळे हलणार नाही.

मग किंमत कशाची? ठशाची, सालाची आणि भांडे कोणत्या गाडीतून कोणाच्या हातून आले या माहितीची. ही रीत आपल्याला नवी नाही. जीआयपीचे 5 नोव्हेंबर 1951 रोजी मध्य रेल्वेत रूपांतर झाले, त्यामुळे आजोबांचा चमचा त्याआधीचा, हे आपण नुसत्या तीन अक्षरांवरून सांगू शकता. अमेरिकेतही कंपन्या विलीन होत गेल्या, नावे बदलत गेली आणि प्रत्येक बदलाने भांड्यांचा काळ बांधून दिला. पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल या रेल्वे कंपन्या 1 फेब्रुवारी 1968 रोजी एक झाल्या, बर्लिंग्टन रेल्वे 1970 मध्ये नव्या कंपनीत विलीन झाली, आणि 1 मे 1971 पासून देशातल्या बहुतेक लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या अॅमट्रॅक या सरकारी कंपनीकडे गेल्या. त्यापलीकडे भांडे घडवणाऱ्या कंपनीचा तळाचा ठसा बोलतो. कनेक्टिकटमधल्या मेरिडन गावची इंटरनॅशनल सिल्व्हर कंपनी 1898 मध्ये स्थापन झाली, म्हणून तिचे नाव असलेले भांडे त्याआधीचे असूच शकत नाही. या कंपनीच्या हॉटेल आणि रेल्वेसाठी केलेल्या भांड्यांवर पुष्कळदा सालाचे शेवटचे दोन अंक असतात. भांडी घडवणाऱ्या रीड अँड बार्टन या दुसऱ्या कंपनीने 1928 पासून दर वर्षासाठी एक छोटे चिन्ह ठरवले होते. मात्र हे साल घडणीचे असते, मुलाम्याचे नव्हे. रेल्वे कंपन्या झिजलेल्या भांड्यांना पुन्हा मुलामा देऊन घेत, म्हणून चकचकीत भांडे पाहून ते नवे आहे असे लगेच ठरवू नये.

आता आपली कॉफीची किटली घेऊ, कारण सगळ्या संचात आपल्याला तीच अधिक मोलाची वाटते आहे. तिच्या पोटावर ‘सी. एम. अँड सेंट पी. आरवाय.’ म्हणजे शिकागो, मिलवॉकी अँड सेंट पॉल रेल्वेची अक्षरे आहेत. ही कंपनी 1925 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि 1928 मध्ये तिची पुनर्रचना झाली तेव्हा नावात ‘पॅसिफिक’ जोडले गेले आणि ‘रेल्वे’च्या जागी ‘रेलरोड’ आले. म्हणजे किटलीवरचे नाव 1928 च्या आधीचे. तळाशी मात्र इंटरनॅशनलच्या ठशाशेजारी 47 हा आकडा स्पष्ट दिसतो. 1947 मध्ये घडलेल्या किटलीवर एकोणीस वर्षांपूर्वी मावळलेले नाव कंपनी स्वतः कशाला घालेल? माझ्या मते एखाद्या हॉटेलच्या किटलीवर ही अक्षरे नंतर कोणीतरी उठवली आहेत. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन अक्षरांच्या खाचा पाहा. ठसा मुलाम्याआधीचा असेल तर खाचेच्या तळातही चांदी असते आणि कडा वर्षानुवर्षांच्या घासण्याने गुळगुळीत झालेल्या असतात. नंतरचा असेल तर तो जुन्या ओरखड्यांना कापत जातो आणि खाचेत खालचा पिवळट करडा धातू उघडा पडतो. बर्लिंग्टनचे नाव तळाशी असलेली पाच भांडी मात्र मला छायाचित्रांवरून तरी निर्दोष वाटली. उरलेल्या चमच्या-काट्यांपैकी बऱ्याच नगांवर रेल्वेची कसलीच खूण दिसत नाही, ते हॉटेलचेही असू शकतात.

आता पैशांकडे येऊ. आपण आयआरएमधून 9,000 काढणार म्हणता, पण ते आपल्या हातात 9,000 म्हणून येणार नाहीत. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर साधारणपणे प्राप्तिकर आणि वर 10 टक्के दंड लागतो. आपण 22 टक्क्यांच्या टप्प्यात आहात असे धरले, तर हातात 6,120 राहतात, आणि पूर्ण 9,000 हवे असतील तर जवळजवळ 13,235 डॉलर मोडावे लागतील. खात्यातूनच परस्पर भांडी घ्यावीत असाही विचार कोणी सुचवेल. तसे केल्यास कायदा त्या खरेदीला पैसे काढल्याप्रमाणेच मानतो, त्यामुळे ती वाट बंद आहे. बँकेतले 5,500 गेले की चार महिन्यांची गंगाजळी तीन महिन्यांच्या थोडी वर उतरते, आणि एका पगारावर चालणाऱ्या घरासाठी मला ती अपुरी वाटते.

समजा दहा वर्षांनी हा संच लिलावात 20,000 ला गेला. लिलाव करणाऱ्यांचे 20 टक्के वजा जाता 16,000 उरतील, नफा 1,500. संग्राह्य वस्तूंवरील दीर्घ मुदतीच्या नफ्यावर 28 टक्क्यांपर्यंत कर लागतो. आपल्या टप्प्याने 22 टक्के धरले तरी हातात 15,670 येतात, म्हणजे वर्षाला एक टक्काही सुटत नाही. हेच 14,500 डॉलर वर्षाला 4 टक्क्यांनी वाढले तर करापूर्वी सुमारे 21,460 होतात. त्यातही ज्यांनी या डब्यांत बसून जेवण केले आहे ते ग्राहक आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत, तेव्हा दहा वर्षांनी मागणी आजच्याइतकी राहील असे मी गृहीत धरणार नाही. शिवाय घराच्या नेहमीच्या विम्यात चांदीच्या आणि मुलाम्याच्या भांड्यांच्या चोरीची भरपाई पुष्कळदा 2,500 डॉलरवर थांबते, त्यापुढे वेगळा हप्ता भरावा लागतो.

म्हणून आयआरएला हात लावू नका आणि संपूर्ण संच घेऊ नका, हे माझे स्पष्ट मत आहे. तरीही आजोबांच्या आठवणीने जडलेला जीव मी हिशेबाबाहेर टाकत नाही. गुंतवणूक हा शब्द बाजूला ठेवून, हौसेचा खर्च म्हणून, 1,500 डॉलरच्या आत ती पाच बर्लिंग्टनची भांडी मिळत असतील तर जरूर घ्यावीत. नेपरव्हिल त्याच बर्लिंग्टनच्या मार्गावरचे गाव आहे, तेव्हा ती आपल्या घरात शोभतीलही. खरेदीच्या वेळी आजींकडून त्यांच्या यजमानांच्या नोकरीचा काळ, हुद्दा आणि ही भांडी कशी मिळाली याची माहिती त्यांच्या सहीने लिहून घ्या आणि सेवापत्राची प्रत मिळाल्यास सोबत ठेवा.

किटलीबद्दल त्यांना आपणच आणि व्यवहार ठरण्याआधी सांगा. यजमानांनी ती खरी समजूनच घेतली असण्याचा संभव आहे, तेव्हा भिंग आजींच्या हाती देऊन ते 47 आणि पोटावरची अक्षरे त्यांनाच पाहू द्या. उरलेला संच त्यांना विकायचाच असेल, तर रेल्वेच्या वस्तूंचा लिलाव करणाऱ्या दोन ठिकाणांहून लेखी अंदाज मागवायला त्यांना मदत करा.