इतके वाचूनही अभ्यास का होत नाही?

समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांकडून एक तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. मूल लहानपणापासून पुस्तकात डोके खुपसून बसणारे असते, जाडजूड कादंबऱ्यांचा फडशा पाडते, पण गुणपत्रिका हातात आली की इतक्या वाचनाचा उपयोग नेमका कुठे झाला, हे कोणालाच सांगता येत नाही. थोडी मोठी मुले हीच तक्रार दुसऱ्या टोकाने मांडतात: अभ्यासासाठी वाचावे लागू लागल्यापासून आवडीचे वाचन सुटले आणि आता पुस्तक उघडायचाच कंटाळा येतो. ज्या विद्यार्थिनीविषयी येथे लिहीत आहे, तिच्याकडे या दोन्ही तक्रारी एकदमच होत्या. तिची ओळख पटू नये, म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती साहित्य विषय घेऊन पदव्युत्तर वर्गात शिकत होती आणि तिला घेऊन तिचे वडील आले होते. “मॅडम, वाचनाची एवढी आवड, म्हणून तर आम्ही तिला याच विषयाला जाऊ दिलं,” ते म्हणाले, “आणि आता पेपर कोरे सोडून येते.” वडील बाहेर जाऊन बसल्यावर ती बोलू लागली. नेमलेली पुस्तके ती दोन-दोन, तीन-तीन वेळा वाचत असे, वाचताना सगळे समजतही असे, पण प्रश्नपत्रिका समोर आली की काही आठवत नसे. आणि रात्री विरंगुळा म्हणून एखादी कादंबरी उघडली, तर चार पाने होतात न होतात तोच हात पेन्सिलीकडे जाई. “कुठलं वाक्य उत्तरात वापरता येईल, तेच शोधत बसते मी. माझी वाचनाची आवड मेली का हो?”

असा प्रश्न आला की मी आधी वाचन बाजूला ठेवते आणि बाकीच्या आयुष्याची चौकशी करते. रस केवळ पुस्तकांतला गेला आहे, की पूर्वी आवडणाऱ्या सगळ्याच गोष्टींतला? झोप आणि भूक कशी आहे, मैत्रिणींशी बोलावेसे वाटते का, डोळे शेवटचे केव्हा तपासले, शाळेत असताना अक्षरे ओळखताना किंवा ओळी वाचताना त्रास होत असे का? सगळ्यांतूनच मन उडाल्यासारखे दोन आठवड्यांहून अधिक काळ वाटत असेल, तर वाचनाच्या युक्त्या सांगत बसण्यात अर्थ नसतो, त्या व्यक्तीने मानसोपचारतज्ज्ञांना भेटणे आवश्यक असते. हिच्या बाबतीत तसे काही आढळले नाही. हसत-बोलत होती, मैत्रिणींमध्ये मिसळत होती आणि अडत होती ती फक्त पुस्तकापाशी. त्यामुळे ती प्रत्यक्षात वाचते कशी, हे पाहण्याला अर्थ होता.

तिच्या पिशवीत कथनशास्त्रावरचे, म्हणजे कथा कशी सांगितली जाते याच्या अभ्यासावरचे, एक पाठ्यपुस्तक होते. घरी वाचतेस तसेच दोन पाने इथे वाच, असे मी तिला सांगितले. तिने पिवळा मार्कर काढला आणि झरझर वाचायला सुरुवात केली. नजर कुठेही अडखळली नाही, मागे गेली नाही, आणि पान उलटेपर्यंत प्रत्येक परिच्छेदातली किमान दोन वाक्ये पिवळी झालेली होती. तिचे वाचून झाल्यावर पुस्तक मिटून मी माझ्याकडे घेतले आणि लेखकाने या दोन पानांत काय म्हटले आहे, ते मला सांग, असे म्हटले.

“निवेदक म्हणजे लेखक नव्हे, असं म्हटलंय.”

“का नव्हे?”

ती थांबली. मग तिला उदाहरण आठवले. एक लहान मुलगा गोष्ट सांगत असतो आणि घरातल्या मोठ्या माणसांचे भांडण त्याला अर्धवटच कळलेले असते, हा भाग तिने इतका छान सांगितला, की ते घर मला दिसले. पण ते उदाहरण लेखकाने कशासाठी दिले होते, त्यातून कोणता मुद्दा सिद्ध होत होता आणि त्या मुद्द्याला लेखकाने स्वतःच कोणता अपवाद सांगितला होता, यांपैकी काहीही तिला सांगता येईना. “पुस्तक उघडं असतं तर लगेच सांगितलं असतं,” ती जरा चिडूनच म्हणाली. तिची अडचण याच वाक्यात होती.

कथा वाचताना ती जे करत आली होती, ते अगदी योग्य होते. कथेत कोणाला तरी काहीतरी हवे असते, त्यात अडथळा येतो आणि पुढे काय होणार ही ओढ वाचकाला पानामागून पान पुढे नेते. घटनांची साखळीच स्मरणाला आधार देते, म्हणून त्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागत नाही. विवेचनात्मक लेखनात ही ओढ आयती मिळत नाही. तिथे विधान असते, त्याचा आधार असतो, आक्षेप आणि अपवाद असतात आणि यांतले कशासाठी काय आले आहे, हे वाचकाने स्वतः थांबून विचारावे लागते. ही मुलगी विवेचनही कथेसारखे वाहत वाहत वाचत होती, आणि साहजिकच त्यातली कथा तेवढी तिच्या हाती लागत होती. शिवाय तिचे वाचन इतके सराईत होते, की वाक्य कुठे अडले नाही म्हणजे ते आपल्याला आले, असाच तिचा समज होत असे. अडखळत वाचणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याला समजले नाही, हे निदान जाणवते. सराईत वाचकाला ते परीक्षेच्या दिवशी कळते. पट्टीच्या वाचकांची अभ्यासात फसगत होण्याचे हे एक मोठे कारण आहे, असे माझे मत अनुभवाने झाले आहे.

एखादा मजकूर ओळखीचा वाटणे आणि तो स्वतःहून आठवून सांगता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोएडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग यासाठी मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी तेच उतारे पुन्हा वाचले, तर काहींनी ते न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात स्पष्टपणे जास्त राहिलेले दिसले. गंमत म्हणजे आपल्या लक्षात चांगले राहील, असा भरवसा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, त्यातही मजकूर रंगवणे आणि पुनर्वाचन या पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या, तर स्वतःची चाचणी घेणे आणि अंतराअंतराने उजळणी करणे या सर्वांत उपयोगी ठरल्या. हे ऐकल्यावर तिने मार्करकडे पाहिले आणि टोपण लावून तो पिशवीत टाकला. मार्करशी माझे वैर नाही. पण वाचतानाच रंगवला जाणारा मजकूर बहुतेक वेळा ‘हे नंतर शिकायचे आहे’ एवढेच सांगतो, आणि ते नंतर क्वचितच उजाडते.

यानंतर तिने विचारलेला प्रश्न मात्र साहित्याच्या विद्यार्थ्याचाच होता. इतिहास किंवा अर्थशास्त्र शिकणाऱ्याची अभ्यासाची पुस्तके वेगळी आणि आवडीची वेगळी असतात, पण ज्याला कादंबरीच अभ्यासाला आहे त्याने काय करायचे? येथे मला लुईस रोझेनब्लॅट या अमेरिकी विदुषीने 1978 मध्ये सविस्तर मांडलेला विचार उपयोगी पडतो. त्यांच्या मते फरक पुस्तकात नसून वाचकाचे लक्ष कुठे आहे, यात असतो. एका प्रकारच्या वाचनात वाचून झाल्यावर काय हाती राहणार, याकडे लक्ष असते. मुलाने विषारी द्रव गिळले म्हणून त्यावरचा उतारा शोधत बाटलीवरची चिठ्ठी घाईघाईने वाचणारी आई, हे त्यांनी दिलेले उदाहरण एकदा ऐकले की विसरत नाही. दुसऱ्या प्रकारात वाचत असताना आपल्या आत जे घडते, तेच महत्त्वाचे असते. बहुतेक वाचन या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते, असेही त्या सांगतात. म्हणजे एकच कादंबरी दोन्ही प्रकारे वाचता येते, मात्र पहिल्याच वाचनात दोन्ही साधू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा एकही लागत नाही. या मुलीचे नेमके तसेच झाले होते. दिवसा ती अभ्यासाचे पुस्तक रमत-गमत वाचत होती आणि रात्री रमण्यासाठी उघडलेल्या पुस्तकातून उत्तरे काढत होती.

तेव्हा नेमलेली कादंबरी आधी सलग आणि हातात काहीही न घेता वाचायची आणि काही दिवस जाऊ देऊन मग प्रश्न घेऊन पुन्हा उघडायची, असे आम्ही ठरवले. वेळ कमी असला तरी हा क्रम उलटा करू नये, असे मी तिला बजावले, कारण प्रश्नपत्रिका आधी पाहून वाचलेल्या कादंबरीतून उत्तरे मिळतात, पण उत्तरात लिहिण्याजोगे स्वतःचे काही सुचत नाही, आणि साहित्याच्या परीक्षकाला हे चटकन कळते.

विवेचनात्मक पुस्तकांसाठी रॉबिन्सन यांनी 1946 मध्ये सुचवलेली पाच पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. त्यात आधी पाहणी, मग प्रश्न, मग वाचन, कथन आणि शेवटी उजळणी असा क्रम आहे. मी विद्यार्थ्यांकडून त्यातल्या प्रश्न आणि कथन या दोनच पायऱ्या आग्रहाने करून घेते, कारण पाचही पायऱ्यांचा सोपस्कार बहुतेक जण आठवडाभरात सोडून देतात. शीर्षक वाचून स्वतःला एक प्रश्न विचारायचा, तो वहीच्या डाव्या पानावर लिहायचा, भाग वाचून पुस्तक मिटायचे आणि उजव्या पानावर आठवेल तसे उत्तर लिहायचे. मग पुस्तक उघडून जे सुटले ते लाल शाईने भरायचे. पुढच्या भेटीला तिने ती वही आणली, तेव्हा सुरुवातीची उजवी पाने जवळपास पूर्ण लाल होती. निळ्या शाईतली दोन-चार वाक्ये आणि त्यांच्याभोवती दाटीवाटीने भरलेला लाल मजकूर पाहून ती खजील झाली होती. मला ती पाने आशादायक वाटली, कारण आपल्याला काय येत नाही हे तिला प्रथमच परीक्षेच्या आधी कळले होते.

वेगाची समस्या मात्र चिवट निघाली. “मी पूर्वी तासाला पन्नास पानं वाचायचे, आणि आता एका पानाला पंधरा मिनिटं लागतात,” हे ती अपराध्यासारखे सांगे. भराभर वाचणे हा तिच्या लहानपणापासूनच्या कौतुकाचा विषय होता आणि ते कौतुक गमावल्यासारखे तिला वाटत होते. कठीण विवेचनाच्या एका पानाला पंधरा मिनिटे लागणे यात काहीही वावगे नाही, हे तिला पुन्हा पुन्हा सांगावे लागले. संध्याकाळी किती पाने झाली याऐवजी पुस्तक मिटून किती प्रश्नांची उत्तरे देता आली, एवढीच नोंद ठेवायला मी सांगितले.

आवडीच्या वाचनासाठी वेगळीच व्यवस्था करावी लागली. रात्रीच्या पुस्तकाजवळ पेन्सिल ठेवायची नाही, नेमलेल्या लेखकांपैकी कोणाचेही पुस्तक त्या वेळी घ्यायचे नाही, कंटाळवाणी पाने गाळायची, नको वाटले तर पुस्तक खुशाल सोडून द्यायचे आणि वाचलेले लक्षात ठेवण्याची कोणतीही जबाबदारी घ्यायची नाही. ती चटकन म्हणाली, “मग त्या वाचनाचा उपयोग काय?” हा प्रश्न तिचा नव्हता. लहानपणी वडील वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची वहीत नोंद करून घेत, त्यातून काय शिकलीस ते विचारत आणि ठरावीक पुस्तके पूर्ण झाली की बक्षीस देत. हेतू चांगलाच होता. पण लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले होते, की चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना प्रशस्तिपत्राचे आमिष आधी दाखवले, तर पुढे मोकळ्या वेळेत ती मुले चित्रे काढण्यात इतरांपेक्षा कमी वेळ घालवतात. ज्यांना प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे मिळाले, त्यांच्यावर असा परिणाम झाला नाही. चित्रांचे हे निरीक्षण वाचनाला जसेच्या तसे लावता येईल, असा माझा दावा नाही, परंतु वाचनाची वही मुलांकडून नेमाने भरून घेणाऱ्या पालकांना मी त्याची आठवण अवश्य करून देते.

एका भेटीला मी वडिलांनाही बोलावले आणि काही महिने तिला पुस्तकाबद्दल काहीच विचारू नका, अशी विनंती केली. त्यांना ते पटले नाही. “म्हणजे आवडीच्या वाचनाचा अभ्यासाला काहीच फायदा नाही, असं म्हणता का तुम्ही?” त्यांनी विचारले. फायदा आहे आणि तो मोठा आहे, हे मी त्यांना सांगितले. भरपूर वाचणाऱ्यांचा शब्दसंग्रह आणि सामान्य ज्ञान अधिक असते, आणि एकूण बौद्धिक क्षमतेचा हिशोब वेगळा काढला तरी हा फरक उरतो, असे कनिंगहॅम आणि स्टॅनोविच यांच्या संशोधनात दिसून आले आहे. लांबलचक वाक्याचा धागा न सोडता शेवटपर्यंत जाण्याची सवयही त्यातूनच लागते. मात्र हा फायदा वर्षानुवर्षांच्या वाचनातून नकळत होत जातो. पुढच्या महिन्याच्या पेपरात तो दाखव, असे म्हटले की मूल आवडीचे पुस्तकही अभ्यासाच्या नजरेने वाचू लागते.

सत्राअखेरीस तिचे पेपर कोरे राहिले नाहीत. गुण फार वाढले असेही नाही, पण लिहिलेले स्वतःच्या समजुतीतून आल्याचा अभिप्राय एका प्राध्यापकांनी दिला, त्याचा तिला गुणांपेक्षा अधिक आनंद झाला. रात्रीचे वाचन जुन्या वळणावर यायला त्याहून जास्त वेळ लागला, आणि मधल्या काळात तिने बऱ्याच कादंबऱ्या अर्धवट सोडल्या. वडील मधूनमधून विचारायचे राहत नाहीत, पण आता ती हसून विषय बदलते.

सध्या प्रबंधाचा विषय निवडण्याची वेळ आली आहे आणि तिला आपल्या सर्वांत आवडत्या लेखिकेवरच काम करायचे आहे. असे केल्याने त्या लेखिकेची गोडी निघून जाईल का, असे तिने मला विचारले. तसे होईलच असे नाही आणि होणारच नाही अशी हमीही मी देऊ शकत नाही, असे मी तिला सांगितले. त्या लेखिकेची दोन पुस्तके तिची अजून वाचायची राहिली आहेत. विषयाचा अर्ज भरण्याआधी ती दोन्ही वाचून घे आणि टिपणाची वही त्यानंतरच विकत आण, एवढे मात्र मी तिला सुचवले आहे.