थीम पार्कवाले कुटुंबासाठीच्या राइड्स आणि थरारक राइड्स यांत निवड कशी करतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून कसारा उतरून खोपोलीला इमॅजिका पार्कात गेलात, सोबत पाच वर्षांची मुलगी आणि सत्तरीला टेकलेली आई. नायट्रो या रोलर कोस्टरवर तुम्ही एकटेच बसलात, बाकी सगळे खाली उन्हात उभे. मग पार्कवाले एवढे कोट्यवधी रुपये असल्या राइडवर का घालतात, आणि कोणती राइड आणायची हे ठरवतात कशावरून?

मी मेकॅनिकल इंजिनियर. आधी अंबडला कारखान्यात मेंटेनन्स, मग काही वर्षं एका मोठ्या पार्कात तेच काम, आणि आता नाशिक, नगर, धुळे या भागातल्या छोट्या पार्कांच्या राइड्सची तपासणी करतो. खरेदीच्या बैठकांना बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नाशिकची कालिकेची यात्रा डोळ्यांपुढे आणा. नवरात्रात जुन्या आग्रा रोडला जे पाळणे लागतात, त्यांत प्रत्येकाचं तिकीट वेगळं. आकाशपाळण्याचं वेगळं, कोलंबसचं वेगळं, ब्रेक डान्सचं वेगळं, पोरांच्या ड्रॅगन ट्रेनचं वेगळं. म्हणजे प्रत्येक पाळण्याला स्वतःचं भाडं, डिझेल आणि माणसांचा पगार स्वतःच काढावा लागतो. रिकामा फिरला की दुसऱ्या वर्षी तो दिसत नाही. पार्कात तसं नसतं. तिथे दारातच एकदा पैसे द्यायचे आणि आत जवळपास सगळ्यावर बसायचं. डिस्नेलँडसुद्धा १९५५ साली सुरू झालं तेव्हा जत्रेसारखंच कूपनवर चालायचं. १९५९ मध्ये 'ई' नावाचं सगळ्यात महागडं कूपन आलं, ते मोठ्या राइड्ससाठी. ही कूपनं बंद होऊन सरसकट एकच तिकीट व्हायला १९८२ साल उजाडलं.

हा फरक बारीक वाटतो, पण सगळा हिशेब इथेच फिरतो. एकच तिकीट झालं की कुठलीही राइड एकटी कमावत नाही. तिने दोनपैकी एक काम करायचं असतं: गाडी घरातून पार्कापर्यंत आणायची, नाहीतर आलेल्या माणसांना संध्याकाळपर्यंत आत ठेवायचं. थरारक राइड पहिलं काम करते. होर्डिंगवर तिचा फोटो असतो, कॉलेजची पोरं तिचे व्हिडिओ टाकतात, लांबूनच तिचा लोखंडी डोंगर दिसतो. इमॅजिकाचं नाव काढलं की लोकांच्या तोंडी आधी नायट्रो येतं, मग त्यातले निम्मे तिच्यावर बसलेले नसले तरी. दुसरं काम मात्र तिच्याने होत नाही. दोन-तीन मिनिटांत ती संपते, आणि घरातल्या ज्यांना तिच्यावर बसता येत नाही त्यांचा तेवढा वेळ वाया जातो.

आपल्याकडे गाडी निघते ती तीन पिढ्या घेऊन. दुपारी तीन वाजता घरी परतायचं की सहापर्यंत थांबायचं, हे गाडीतलं सगळ्यात लहान पोर आणि सगळ्यात वयस्क माणूस ठरवतं. आजीचे गुडघे दुखायला लागले की बाबांची दुसरी फेरी राहून जाते. आणि लवकर परतलेलं कुटुंब जेवणाचं दुसरं बिल करत नाही, फोटोची प्रिंट घेत नाही, पुढच्या वर्षी येत नाही. कॉलेजचे ग्रुप सवलतीच्या तिकिटावर येतात, वडापाव बाहेर खाऊन येतात. त्यांना मी नावं ठेवत नाही, पार्क भरलेलं दिसतं ते त्यांच्यामुळे. पण आतली उलाढाल कुटुंबांवर चालते.

आता बैठकीत खरोखर ज्यावर वाद होतो ते सांगतो: तासाला किती माणसं बसून उतरतात. कॅटलॉगात कोस्टरचा आकडा मोठा दिसतो. समजा गाडी २४ सीटची आहे आणि दर दोन मिनिटांनी सुटते, म्हणजे तासाला ७२० माणसं. प्रत्यक्षात स्टेशनवर काय होतं बघा. कुणाच्या खिशात मोबाइल, कुणाच्या पायात सैल चप्पल, ओढणी गळ्यात, केसांना क्लिप. ऑपरेटर प्रत्येक हार्नेस, म्हणजे माणसाला सीटवर धरून ठेवणारी चौकट, हाताने खाली दाबून, परत वर ओढून बघतो, तो तपासल्याशिवाय गाडी सुटत नाही आणि सुटूही नये. दोनाची तीन मिनिटं झाली की ७२० चे ४८० होतात. दिवसाला पाच-सहा हजार माणसं आली तर त्यातल्या बऱ्याच जणांना ती राइड मिळतच नाही. याउलट बोटीची किंवा डब्यांची सावकाश चालणारी, कथा दाखवत नेणारी राइड घ्या. वीस जणांची बोट दर अर्ध्या मिनिटाला सुटली तरी तासाला २,४०० माणसं. रांग हलती राहते, आजी-नात शेजारी बसतात, हार्नेसची भानगड नाही. मोठ्या पार्कांचं पोट अशा राइड्स भरतात. त्यांचं फोटोत काही दिसत नाही, म्हणून बाहेरच्यांना ते कळत नाही.

दुसरा मुद्दा उंचीच्या पट्टीचा. लोकांना वाटतं ती धाडस मोजते. ती मोजते हार्नेसची बैठक. खांद्यावरून येणारा हार्नेस लहान शरीराला घट्ट बसत नाही, मूल त्यातून सरकू शकतं. डोकं खाली करणाऱ्या कोस्टरला साधारण १३० ते १४० सेंटिमीटर लागतात. १४० म्हणजे दहा-अकरा वर्षांचं मूल. टाचा उंचावून, आईने केसांचा बुचडा वर बांधून आणलेली पोरं मी गेटवर पाहिली आहेत, आणि एका सेंटिमीटरने परत फिरलेल्या मुलाचा चेहरा बघवत नाही. तरी तिथे सूट द्यायची नसते. सूट देणाऱ्या पार्कात मी माझ्या घरच्यांना नेणार नाही.

हीच पट्टी खाली आणायची, हा जगभरातल्या पार्कांचा अलीकडचा कल आहे. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सलमध्ये ड्रॅगन चॅलेंज नावाची पाय लोंबकळणारी कोस्टर होती, तिला १३७ सेंटिमीटर उंची लागायची. २०१७ मध्ये ती बंद करून त्या जागी २०१९ मध्ये मोटारसायकलच्या बैठकीची, कथा सांगत नेणारी कोस्टर आणली, तिची मर्यादा १२२. हे १५ सेंटिमीटर म्हणजे सात-आठ वर्षांची मुलं आत आली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे आईबाप. नव्या राइडला पहिल्याच दिवशी दहा तासांपर्यंत रांग लागली. याला या धंद्यात 'फॅमिली कोस्टर' म्हणतात: वेग पुरेसा, पोटात गोळा येतो, पण माणूस उलटा होत नाही आणि मांडीवरचा लॅप बार पुरतो.

विक्रमी उंचीच्या राइड्सचं दुखणं आम्हा मेंटेनन्सवाल्यांना विचारा. कोस्टरच्या डब्याला रुळावर चालणारी चाकं असतात, बाजूने धरणारी वेगळी आणि रुळाखालून पकडणारी वेगळी. तिन्हींवरचं पॉलियुरेथेनचं, म्हणजे रबरासारखं, आवरण झिजतं, तडकतं. रोज सकाळी पार्क उघडायच्या आत तपासणी, मग रिकाम्या फेऱ्या, वर्षातून एकदा डबे पूर्ण खोलून ॲक्सलला आणि वेल्डिंगला तडे आहेत का हे बघायचं. सुटा भाग बाहेरच्या देशातून येणार असेल तर तो येईपर्यंत राइड बंद. आणि होर्डिंगवर जिचा फोटो तीच बंद असली की गिऱ्हाईक तिकीट खिडकीवरच भांडतं. अमेरिकेतल्या सीडर पॉइंटने ४२० फुटांची कोस्टर नव्या रूपात २०२४ च्या मे महिन्यात उघडली आणि जेमतेम आठवड्यात गाड्यांच्या दोषामुळे बंद ठेवली, ती त्या मोसमात पुन्हा सुरू झालीच नाही. न्यू जर्सीची ४५६ फुटांची किंगडा का तर २०२५ मध्ये पाडूनच टाकली. जगातली सर्वांत उंच होती ती.

पावसाचाही हिशेब असतो. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरची उंच राइड थांबवावीच लागते. खोपोली-लोणावळ्याच्या पट्ट्यात चार महिने जोराचा पाऊस असतो, म्हणून तिथे छताखालच्या राइड्सना जास्त किंमत. आपल्याकडे वॉटर पार्क एप्रिल-मेमध्ये ओसंडून वाहतात आणि डिसेंबरच्या थंडीत, नेमके शाळांच्या सहलींच्या दिवसांत, कुणी पाण्यात उतरायला तयार नसतं.

जवळचं उदाहरण हवं असेल तर शिर्डी बघा. साई तीर्थ हे पार्क संगमनेरच्या मालपाणी समूहाने उभं केलं, आणि इमॅजिकाही २०२२ पासून त्यांच्याच ताब्यात आहे. तरी साई तीर्थमध्ये कोस्टर नाही. दर्शनाला आलेलं कुटुंब, त्यात म्हाताऱ्या माणसांचा भरणा, म्हणून बसून बघायचे शो आणि सावकाश नेणारी तीर्थयात्रेची राइड. पाण्यातला दंगा करायचा त्यांच्यासाठी शेजारी वेट'न जॉय हे वॉटर पार्क. खोपोलीला मुंबई-पुण्याची तरुण पोरं येतात, तिथे नायट्रो चालते. शिर्डीत ती उभी केली असती तर दर्शनाच्या रांगेतून थकून आलेल्यांनी तिच्याकडे नुसतं मान वर करून बघितलं असतं.

नाशिकच्या आसपास कुणी नवं पार्क काढलं आणि मला विचारलं, तर मी सांगेन की पहिल्या वर्षी उंच काही घेऊ नका. सावलीतली रांग, आजीला बसायला पाठ असलेले बाक, छताखालची एक लांब राइड आणि १०५-११० सेंटिमीटरला चालेल अशी एक फॅमिली कोस्टर. मोठी राइड तिसऱ्या-चौथ्या वर्षी, जेव्हा तीच कुटुंबं दुसऱ्यांदा येतील आणि त्यांची पोरं उंच झालेली असतील. मालक मंडळींना हे पटत नाही, कारण उद्घाटनाच्या बातमीत बाकांचा फोटो येत नाही. मी तरीही दर बैठकीत बाक मागतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पुढच्या वेळी निघण्यापूर्वी मुलीची उंची चपलेशिवाय मोजा आणि पार्काच्या संकेतस्थळावर राइडनिहाय मर्यादा बघून घ्या. त्या दिवशी कोणत्या राइड्स दुरुस्तीसाठी बंद आहेत हे फोन करून विचारा. परदेशातल्या मोठ्या पार्कांत एक पालक बसून येईपर्यंत दुसरा मुलापाशी थांबतो आणि मग त्याला पुन्हा रांग न लावता सोडतात. आपल्याकडे तशी पाटी दिसली नाही तरी गेटवरच्या ऑपरेटरला विचारा, गर्दी नसेल तर बहुतेक जण ऐकतात.