मायनं मला आजीकडे का ठेवलं होतं?

या महिन्यात पत्रं जास्त करून कॉलेजच्या पोरापोरींची आलीत, आणि जवळपास सगळ्यांनी मोबाईलवर कुठली ना कुठली टेस्ट दिलेली आहे. पर्सनॅलिटी टेस्ट, अटॅचमेंट टेस्ट (म्हणजे जवळच्या माणसांशी आपण जीव कसा लावतो त्याची), डिप्रेशन टेस्ट. म्हणून ठरवलं की यावेळी हाच विषय घेऊ. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे कारण ते पत्र वाचून मी दोन दिवस बेचैन होते.

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातली, आता अमरावतीला एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. रूममेटनं मोबाईलवर एक टेस्ट दिली म्हणून मीपण दिली. त्यात आलं की माझी अटॅचमेंट स्टाईल अँक्शस, म्हणजे सतत घोर लावून घेणारी आहे आणि न्यूरॉटिसिझम, म्हणजे लवकर काळजी करायचा स्वभाव, हाय आहे. खाली लिहिलं होतं की लहानपणी आईचं प्रेम नीट नाही मिळालं तर असं होतं. माझी माय मजुरीला जायची, कापूस वेचणीच्या दिवसात तर अंधारातच निघायची, मी आजीजवळच वाढली. ते वाचून मला खूप रडू आलं अन त्याच रात्री मी मायला फोन करून विचारलं की तू मला आजीकडे का ठेवलं होतं. ती काहीच बोलली नाही, थोड्या वेळानं 'जेवली का' एवढं विचारलं अन फोन ठेवला. तेव्हापासून आमचं नीट बोलणं नाही. एक मुलगा आहे, चांगला आहे, पण त्यानं मेसेज पाहून रिप्लाय नाही दिला की माझा जीव वरखाली होतो, दहा-दहा मेसेज टाकते, मग स्वतःचाच राग येतो. मी आता अशीच राहणार का?

उत्तर : अगं, आधी एक सांगते, त्या टेस्टखाली ते वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं तुझ्यावर आणि तुझ्या मायवर फार अन्याय केला आहे. मी वीस वर्षांच्या वर तालुक्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, आणि हे संशोधन मुळात काय सांगतं ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

अटॅचमेंटची सगळी कल्पना जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाची. दुसऱ्या महायुद्धानंतर बेघर झालेल्या, घरच्यांपासून तुटलेल्या मुलांवर त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली एक अहवाल लिहिला. त्या मुलांना हक्काचं असं कोणीच उरलं नव्हतं, आणि तुला तर आजी होती ना. बोल्बींनी तेव्हाच लिहिलं होतं की लेकराला मायेचं, न तुटणारं नातं लागतं, आईशी किंवा आईच्या जागी कायम असणाऱ्या माणसाशी. हा 'किंवा' मोबाईलच्या टेस्ट खाऊन टाकतात. तुझी आजी त्या 'किंवा'मध्ये पूर्ण बसते. आणि तुला तर दोघी होत्या, दिवसा एक आणि रात्री एक.

पुढचं काम मेरी एन्सवर्थ या बाईंचं. त्यांनी १९५४-५५ मध्ये युगांडात २६ कुटुंबांत जाऊन आया आणि लेकरं कशी राहतात ते बघितलं, घरी बसून, महिनोन्‌महिने. मग अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांनी एक प्रयोग बसवला, वर्ष-दीड वर्षाच्या लेकरांचा. खेळणी असलेल्या खोलीत आई आणि लेकरू, मग अनोळखी बाई येते, मग आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते, सगळं मिळून वीसेक मिनिटांचा खेळ. लोकांना वाटतं आई गेल्यावर लेकरू किती रडलं ते मोजत असतील. तेही बघतात, पण खरी नजर असते आई परत आल्यावर ते काय करतं याच्यावर. तिच्याकडे झेपावतं का, कुशीत गेल्यावर शांत होतं का, आणि शांत झाल्यावर पुन्हा खेळायला लागतं का.

आता तूच आठव. माय संध्याकाळी वावरातून यायची तेव्हा तू काय करायचीस? माझ्या डोळ्यासमोर येतं ते सांगते कारण माझी मायपण वेचणीला जायची. पायाला काळी माती, लुगड्याला कापसाचे तंतू चिकटलेले, बोंडाच्या टोकांनी बोटं चिरलेली, आणि ती हातपाय धुवायच्या आधीच आम्ही तिच्या कमरेला. ती 'थांब ना व माय, हात खराब आहेत' म्हणायची आणि कोपरानंच जवळ ओढायची. तुझ्या घरी असंच झालं असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण तू ही आठवण काढायच्या आधीच एका मोबाईलच्या वाक्यावर निकाल लावून टाकलास.

आणि ती टेस्ट मोजते तरी काय? मोठ्या माणसांच्या प्रेमाला अटॅचमेंटची कल्पना लावून बघायचं काम १९८७ साली सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी केलं, आणि त्यांनी प्रश्नावली चक्क एका वर्तमानपत्रात छापली होती. ६२० वाचकांच्या उत्तरांचा त्यांनी हिशेब केला, त्यात साधारण ५६ टक्के लोक नात्यात निर्धास्त, २५ टक्के जवळीक टाळणारे, आणि १९ टक्के तुझ्यासारखे, समोरचा सोडून जाईल का म्हणून घोर लागलेले. म्हणजे शंभरातले चाळीसच्या वर 'निर्धास्त' नव्हतेच. आणि या प्रश्नावलीनं कोणाचं बालपण बघितलेलं नाही, माणूस आज स्वतःबद्दल काय सांगतो तेवढंच ती टिपते. बालपणाची थोडी सावली मोठेपणी राहते हे अभ्यासात दिसतं, खोटं नाही सांगत, पण सावलीच ती, जन्मपत्रिका नाही. शाळा, मैत्रिणी, एखादी चांगली मॅडम, पहिलं प्रेम, घरातलं आजारपण, पैशाची ओढाताण, हे सगळं मध्ये येतं.

अजून एक गोष्ट जी टेस्टवाले सांगत नाहीत. न्यूरॉटिसिझम म्हणजे आजार नाही, ज्याला आपण जीवाला लावून घेणारा स्वभाव म्हणतो तेच साधारण. आता बघ, अटॅचमेंटच्या टेस्टमध्ये विचारतात 'जवळचं माणूस सोडून जाईल अशी काळजी वाटते का', आणि स्वभावाच्या टेस्टमध्ये विचारतात 'तुम्हाला लवकर काळजी वाटते का'. काळजी करणारी पोरगी दोन्हीकडे हो म्हणणार, मग दोन्ही स्कोअर हाय येणार, आणि तिला वाटणार की माझ्यात दोन-दोन दोष आहेत. दोष एकही नाही, एकच स्वभाव दोनदा मोजला गेला. युनिव्हर्सिटीतल्या पोरांवरच्या अभ्यासांत अटॅचमेंटची चिंता, हा स्वभाव आणि उदास वाटणं या गोष्टी सोबत सापडतात हे खरं आहे, पण सोबत सापडणं म्हणजे एकानं दुसरं घडवलं असं नव्हे, आणि तुझ्या मायनं घडवलं असं तर मुळीच नव्हे. त्यातून हे अभ्यास बहुतेक पाश्चात्त्य देशांतल्या पोरांवर झालेत. २०१० साली जोसेफ हेनरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच मुद्दा मांडला की आपण थोड्याशा श्रीमंत, शिकलेल्या देशांतल्या विद्यार्थ्यांवरून सगळ्या माणसांबद्दल बोलतो आहोत. आजी, मोठी माय, शेजारची काकू, सगळ्यांच्या कडेवर वाढलेलं लेकरू त्या प्रश्नावलीत कुठे बसतं?

अशीच राहणार का विचारतेस. नाही. २०१७ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०७ अभ्यास एकत्र करून बघितले, समुपदेशन, उपचार वगैरे घेतलेल्या लोकांचे, सरासरी २४ आठवड्यांचे. स्वभाव बदलतो असं दिसलं, आणि सगळ्यात जास्त बदलला तो हाच भाग, मनाची स्थिरता, म्हणजे न्यूरॉटिसिझमची उलट बाजू. विशी ते चाळिशीत तर माणूस उपचाराशिवायही हळूहळू स्थिर होत जातो.

आता मेसेजचं. दहा मेसेज टाकून झाल्यावर स्वतःला शिव्या देण्यात काही अर्थ नाही. एखाद्या दिवशी तू शांत असताना, त्या क्षणी नाही, त्या मुलाला सरळ सांग की रिप्लाय नाही आला की मला भीती वाटते, बिझी असशील तर 'नंतर बोलतो' एवढे दोन शब्द टाकत जा. मग तो काय करतो ते बघ. हसण्यावारी नेत असेल, मुद्दाम तरसवत असेल तर प्रश्न तुझ्या स्टाईलचा नाहीच, त्याच्या वागण्याचा आहे. आणि जीव वरखाली व्हायला लागला की फोन रूममेटच्या हातात दे आणि अर्धा तास खाली जाऊन ये. आल्यावर एका वहीत लिही, मला काय वाटलं होतं आणि खरं काय निघालं. महिनाभर लिही, मग ती वही तूच वाच. तरी झोप उडत असेल, अभ्यास होत नसेल तर कॉलेजात किंवा युनिव्हर्सिटीत समुपदेशन कुठे मिळतं ते विचार, त्यात लाज कसली.

मायला अटॅचमेंट समजावून सांगत बसू नकोस. फोन कर आणि म्हण की मी तुला चुकीचं बोलली. आणि घरी गेलीस की चुलीपाशी बसून विचार, तू वेचणीला जायचीस तेव्हा मी दिवसभर काय करायची, तू काय करायचीस. तिलाही लेकरू घरी ठेवून जाताना काही वाटलं असेल ना, ते आजवर तिला कोणी विचारलेलं नसणार. ती फोनवर गप्प झाली आणि मग 'जेवली का' म्हणाली, ते काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

प्रश्न : मॅडम, कोणती ऑनलाईन टेस्ट खरी असते?

उत्तर : नाव नाही सांगणार. स्कोअरसोबत 'तुमच्या बालपणी असं झालं' असं जी सांगते ती लगेच बंद करा. आणि डिप्रेशनची टेस्ट फक्त डॉक्टरकडे जावं की नाही एवढं ठरवायला असते, निदान डॉक्टरच करतात.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी सिंदेवाहीकडचा, ब्रह्मपुरीला बीएला आहे. आमच्याकडे पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटची कार्यशाळा झाली, त्यात सर म्हणाले इंट्रोव्हर्ट पोरं आयुष्यात मागे पडतात, एक्स्ट्रोव्हर्ट बना. मी कमी बोलतो. घरीपण घुम्या म्हणतात. दिवाळीनंतर मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, नाटकं असतात तेव्हा मी स्टेजमागे लाईट सांभाळतो, ते मला आवडते, पण स्टेजवर माझ्यानं जाववत नाही. मी बदलायला पाहिजे का?

उत्तर : अरे, स्वभावाच्या संशोधनात आज पाच बाजू मानतात, त्यातली बहिर्मुखता, म्हणजे एक्स्ट्रोव्हर्ट असणं, ही एक. हे पाच आले कुठून तर डिक्शनरीतून. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी डिक्शनरी चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८ हजार शब्द काढले, मग पुढच्यांनी ते गटागटांत लावत लावत पाचावर आणले. त्यात बहिर्मुख म्हणजे पास आणि अंतर्मुख म्हणजे नापास असं काही नाही. बहिर्मुख लोक सरासरी जास्त खुश असल्याचं सांगतात हे खरं, पण कामात आणि अभ्यासात जास्त उपयोगी पडते ती दुसरीच बाजू, हातात घेतलेलं नीट, वेळेवर पूर्ण करायची सवय. आता तू विचार कर, रात्रभर चालणाऱ्या नाटकात खटका दाबायला एक सेकंद उशीर झाला तर सीनची वाट लागते, तिथं तू उभा असतोस. हा गुण तुझ्याकडे आहेच.

फक्त एक फरक ओळख. शांत असणं वेगळं आणि भीतीनं गप्प बसणं वेगळं. वर्गात उत्तर येत असून घशातून आवाज निघत नसेल, मुलाखतीच्या विचारानं पोटात गोळा येत असेल, तर ती भीती आहे आणि ती कमी करता येते. एकदम माईक धरू नकोस, आधी चार मित्रांत बोल, मग वर्गात एक प्रश्न विचार, असं वाढवत ने. घुम्याचा बोलका होण्यासाठी नाही, हवं तेव्हा बोलता यावं म्हणून.

प्रश्न : मॅडम, मी कारंजा तालुक्यातला शेतकरी. पोरगा नागपूरले इंजिनिअरिंगले आहे, दुसरं वर्ष. फोन केला की 'हो, बरं, ठेवतो' याच्या पुढे बोलत नाही. आधी असा नव्हता. त्याची माय म्हणते त्याले काही झालं आहे, मी म्हणतो पोट्टे असेच राहतात. काय करावं?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातलं 'आधी असा नव्हता' हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्यामुळे यात मी वहिनींच्या बाजूनं आहे. काही पोरं मुळातच कमी बोलतात. पण संशोधनातही जवळीक टाळणाऱ्यांचे दोन प्रकार केलेत, १९९१ साली किम बार्थोलोम्यू आणि लिओनार्ड होरोविट्झ यांनी युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांवरच अभ्यास करून. एकाला कोणाची गरजच वाटत नाही, म्हणून तो दूर राहतो. दुसऱ्याला माणसं हवी असतात पण बोललो तर काय होईल या भीतीनं तो दूर राहतो. फोनवर दोघं सारखेच ऐकू येतात. तुमच्या पोराचा विषय राहिला असेल, फीचा खर्च बघून त्याला अपराधी वाटत असेल, आणि आपण फोनवर काय विचारतो भाऊ? पैसे पुरतात का आणि रिझल्ट कधी लागते. मग तो काय बोलणार?

पंधरा दिवसांच्या वर झोप-जेवण बिघडलेलं, आंघोळ-कॉलेज सुटलेलं, आवडीच्या गोष्टीत मन नाही, 'मी ओझं आहे' किंवा मरणाची भाषा, यातलं काही दिसलं तर थांबू नका. 'बेटा, जीव द्यायचा विचार येतो का' असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून पोरं मोकळी होतात. सरकारची टेली-मानस ही मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, रात्रंदिवस, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतःही तिथं विचारू शकता. तो मरणाचं बोलला तर मात्र त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टरकडे न्या.

आणि या रविवारी कारंज्याहून एसटीनं नागपूर गाठा. आधी त्याला सांगून ठेवा, 'तुझी आठवण आली म्हणून येतो'. वहिनींनाही न्या. घरचा ठेचा-भाकर बांधून घ्या, हॉस्टेलजवळ एखाद्या झाडाखाली तिघं मिळून खा. तुरीला फूल कसं आलं, गोऱ्ह्यानं दावं कसं तोडलं, तुम्हाला रात्री कशाची काळजी लागते, ते तुम्ही सांगा. रिझल्टचं त्या दिवशी विचारू नका.