सातवी रेष

"मॅडम, रोज चार-चार तास त्या टॅबलेटवर मान घालून बसतो, पण पूर्ण झालेलं एक चित्र दाखव म्हटलं तर नाही." डिजिटल चित्रं काढणाऱ्या मुलांचे आई-वडील हे इतक्यांदा सांगतात की वाक्य अर्ध्यावर आलं की पुढचं मला माहीत असतं. मुलांचं म्हणणं याहून थोडक्यात: "माझा हातच खराब आहे." म्हणून ओंकारबद्दल लिहिते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, आठ बैठकींतलं मोजकंच घेतलंय.

ओंकार तासगावकडचा, वय १९, सांगलीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा चांगल्या श्रेणीत पास, म्हणजे कागदावर हात बसलेला. वर्षापूर्वी मामाने पेन टॅबलेट घेऊन दिला. स्क्रीन नसलेला, ६ बाय ४ इंचांचा; त्यावर पेन फिरवलं की रेष लॅपटॉपवर उमटते. लॅपटॉपवर क्रिता हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. वर्षभरात शंभरावर फाइली उघडल्या आणि संपवली एकही नाही.

"हात खराब" ही एक तक्रार नसते. यंत्र नीट लावलेलं नाही, नजर तयार नाही किंवा खरंच हाताला सराव नाही, अशा त्या तीन असतात. मुलं तिन्हींचा दोष स्वतःच्या माथी मारतात. त्यातलं यंत्र मी आधी बाजूला काढते, कारण ते तपासायला पाच मिनिटं पुरतात.

ओंकारला टॅबलेटवर १० रुपयांचं नाणं ठेवून कडेने पेन फिरवायला लावलं. स्क्रीनवर उमटलेल्या वर्तुळाला पट्टी लावली. आडवं साडेसहा सेंटिमीटर, उभं साडेपाच. वर्तुळ नव्हतंच ते, आडवं पडलेलं अंडं होतं.

कारण साधं आहे. टॅबलेट ३:२ प्रमाणाचा, लॅपटॉपची स्क्रीन १६:९ची. टॅबलेटचा पूर्ण भाग पूर्ण स्क्रीनला जोडला की आडवी हालचाल उभीपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त ताणली जाते. हळू काढताना डोळा स्क्रीनवर बघून सावरून घेतो. झपकन रेष मारली की कागदावरची जुनी सवय चालते आणि चेहरा सुजल्यासारखा रुंद येतो. टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय असतो. तो निवडला की टॅबलेटची थोडी पट्टी वाया जाते, पण नाणं गोल येतं. सोबत आणखी दोन गोष्टी बघायच्या. टॅबलेट स्क्रीनला समांतर हवा, तिरका ठेवला तर क्षितिजाची रेषही तिरकी पडते. आणि पेन दाबून धरणाऱ्याने दाबाचा आलेख असा बदलावा की मध्यम दाबालाच रेष पूर्ण जाड होईल. नाहीतर मनगट दुखतं आणि निब एका बाजूने घासून चपटी होते.

नाण्याची ही युक्ती मला फार आवडते, नाकारत नाही. मुलाच्या चेहऱ्यावरून वर्षभराचं ओझं उतरलेलं दिसतं. ओंकारही खुशीत गेला आणि तीन आठवड्यांनी तसाच परत आला. "वर्तुळ गोल येतंय मॅडम. चित्र अजून संपत नाही."

मी म्हटलं, पुढच्या वेळी चित्र आणू नकोस, काढतानाचं चित्रीकरण आण. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेव, स्क्रीन दिसली आणि आवाज आला की झालं.

१२ मिनिटांचं चित्रीकरण होतं, एका मुलीच्या चेहऱ्याचं. आधी ऐकू आला तो आवाज. टक-टक. टक-टक. कंट्रोल आणि झेड, म्हणजे अन्डू, आत्ता काढलेलं पुसणारी बटणं. रेष येत होती, जात होती, पुन्हा येत होती. कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंतची जबड्याची एकच रेष. मी काही बोलले नाही, समोर कागद सरकवला. तो उभ्या काड्या मारत मोजायला लागला. ४३. मग स्वतःच मोबाइल ओढून मागे गेला, थांबला, पुढे गेला, पुन्हा मागे आला.

"ही सातवी आहे ना... ही चालली असती."

"आणि शेवटची?"

बराच वेळ बघून म्हणाला, "तशीच आहे. सातवीसारखीच."

"सातवी पुसताना मनात काय म्हणालास?"

"परफेक्टच आली पाहिजे."

"आता यातला 'च' काढ."

"परफेक्ट आली पाहिजे." मग जरा थांबून, "आली तर बरं."

"आणि नाही आली तर?"

तो हसला. "तर जबडा थोडा वाकडा दिसेल."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या पठडीतली. माणूस घटनेने कमी आणि तिच्याबद्दल स्वतःशी बोललेल्या वाक्याने जास्त अडतो, असं मानते. मराठीत ते वाक्य शोधणं सोपं पडतं, कारण हट्ट बहुधा त्या एका अक्षरात बसलेला असतो. जमलंच पाहिजे. आवडलंच पाहिजे. कागदावर हा 'च' फार चालत नाही, खोडरबराने कागदाचा धागा निघतो आणि माणूस मुकाट पुढे सरकतो. स्क्रीनवर पुसण्याला काही किंमतच द्यावी लागत नाही. त्यामुळे प्रत्येक रेष परीक्षेला बसते आणि नापास होते. अन्डू वाईट नाही, धंद्यात रोज लागतं. शिकणाऱ्याने मात्र सराव आणि चित्र यांचे डबे वेगळे ठेवावेत.

ओंकारने सरावासाठी क्रिताच्या शॉर्टकट यादीतून कंट्रोल-झेड काढूनच टाकलं. रोज २० मिनिटं, एक पान, रेष स्थिर करणारी सोय बंद. ती सोय जास्त ठेवली की रेष पेनामागून रेंगाळत येते आणि हाताचं कंपन कुठे आहे ते कळतच नाही. आधी दोन ठिपके टाकायचे, पेन हवेतच दोनदा फिरवायचं, मग कोपरापासून हात हलवून एका दमात रेष. वाकडी आली तर शेजारी दुसरी. लंबगोलांसाठी त्याला मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत पाठवलं. तिथे टांगलेले भोपळे बघून त्याने दोन आठवडे तेच काढले. फुगीर पृष्ठभागावर उजेड कुठे पडतो आणि कडेला कसा विरतो, हे त्याहून स्वस्तात कुठे शिकायला मिळणार नाही.

चित्राचा डबा वेगळा. आठवड्याला एक, एकूण तीन तास, मग जसं असेल तसं बंद. कॅनव्हास ए-५, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे १७४८ बाय २४८० पिक्सेल. आधी बोटभर उंचीचे तीन आराखडे, काळा, करडा आणि पांढरा एवढ्याच छटांत. जो लांबून ओळखू येतो तो घ्यायचा. कच्चं रेखाटन एका लेयरवर (लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर), त्याची अपारदर्शकता २० ते ३० टक्के. वर पक्की रेष, रेषेखाली सपाट रंग, रंगावर मल्टिप्लाय लेयरवर, म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या थरावर, सावली. चारच्या वर लेयर नाहीत. सपाट रंग भरून होईपर्यंत झूम करायचं नाही. मुलं पापण्यांत दोन तास घालवतात आणि मागे सरकल्यावर कळतं की डोळाच कपाळात गेलाय. दर २० मिनिटांनी कॅनव्हास आरशातल्यासारखा आडवा उलटायचा, क्रितात एम दाबला की होतं. रंग मळकट वाटला तर सगळ्यांत वर काळा भरलेला लेयर घेऊन त्याचा मोड 'कलर' करायचा, चित्र करडं दिसतं. तेव्हा चेहरा आणि मागची भिंत एकाच छटेची निघाली, तर दोष रंगात नाही, उजेड-अंधारात आहे.

सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या भवानी संग्रहालयातही एकदा जाऊन ये म्हटलं. मूळ तैलचित्रासमोर हातभर अंतरावर उभं राहिलं की कपड्याची चुणी म्हणजे नुसते दोन-तीन फटकारे दिसतात, आणि दहा पावलं मागे गेलं की तेच रेशीम होतं. जवळून सगळंच रेखीव असावं लागत नाही, हे सांगून पटत नाही.

आईंचा प्रश्न वेगळा होता: "पण यावर पोट भरेल का?" त्यांना मी एवढंच सांगितलं की पदवी पूर्ण होऊ द्या. कलाशिक्षणाकडे वळायचंच ठरलं तर राज्याची कला प्रवेश परीक्षा आहे, आणि तिथेही चित्र ठरलेल्या वेळेतच संपवावं लागतं.

शेवटच्या बैठकीला ओंकार घुश्शातच आला. पिशवीतून ए-५ आकाराचा जाड कागद काढून टेबलावर ठेवला. मार्केट यार्डातली हळदीची पोती, मागे हमालांची रांग. "बघा मॅडम, स्क्रीनवर हळद कशी झळकत होती. छापून काळपट आली, पैसे गेले."

रात्री दिवा बंद करून, स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवून रंगवलं होतं. मी म्हटलं, उजेड निम्म्यावर आण, शेजारी पांढरा कागद धरून स्क्रीनचा पांढरा त्याच्याइतकाच दिसेल असं कर. छापण्याआधी एकाच पानावर चार छोट्या प्रती घाल, प्रत्येक आधीपेक्षा थोडी उजळ. जी बरी येईल तिच्याप्रमाणे मोठी छाप.

"तीच पुन्हा छापू?"

"नको, पुढच्या आठवड्याची छाप."